गिअरची तार आणि ती बसवण्याची रीत

कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. ज्या व्यासपीठावरून वेदान्तावर, अर्थकारणावर, नाट्यसंगीतावर व्याख्याने व्हावयाची, तेथे सायकलच्या गिअरची तार कशी बदलावी हे सांगण्यासाठी एक संध्याकाळ खर्च करावी काय? आम्हांस वाटते, अवश्य करावी. आपले पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळच्या सायकलस्वारास आपल्या वाहनाची सगळी नाडीपरीक्षा ठाऊक असे. चेन उतरली तर तो रस्त्याच्या कडेला बसून चढवी, पंक्चर काढी, ब्रेकची रबरे बदली. मधल्या काळात सायकल अडगळीत गेली आणि आता पुन्हा आली आहे. परंतु आली ती निराळ्या थाटाने. वाकड्या हँडलची, मागे दहा-अकरा दातेरी चकत्यांची, आणि ब्रेकच्या दांड्यातच गिअर बसवलेली अशी ही सायकल पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी डझनांनी दिसते. तिचा मालक सुशिक्षित असतो, हौशी असतो. पण मुठीखालच्या त्या लिव्हरात काय आहे हे विचारले तर तो गप्प राहतो. त्याच्या दृष्टीने ती कुलूपबंद पेटी आहे. ही पेटी उघडून दाखवावी एवढाच आजचा हेतू. व्याख्यानाच्या वेळी आम्ही टेबलावर एक जुना लिव्हर सुटा करून ठेवला होता. वाचकांना तो कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा लागेल.

प्रथम ही तार मुळात काय करते ते पाहू. लवचीक नळीतून तार ओवायची आणि ती एका टोकाला ओढून दुसऱ्या टोकाला काम करून घ्यायचे, ही युक्ती अर्नेस्ट बोडेन या गृहस्थाने १८९६ साली पेटंट केली. तीच आज जगभरच्या सायकलींत व मोटारसायकलींत आहे. बाजारात आतल्या तारेला ‘इनर’ आणि बाहेरच्या नळीला ‘आउटर’ म्हणतात. आपणही तेच शब्द वापरू. पुष्कळांची समजूत अशी असते की काम करते ती तार आणि नळी केवळ तिच्यावरचे पांघरूण. ही समजूत चुकीची आहे. नेफ्यात नाडी ओवलेली आहे आणि तिचे एक टोक शिवून टाकले आहे अशी कल्पना करा. दुसरे टोक ओढले तर काय होईल? नाडी बाहेर येईल, पण नेफ्याला चुण्या पडतील; आपली सारी ओढ त्या चुण्यांत खर्च होईल. नेफा कडक असता तरच ती ओढ पलीकडच्या टोकाला पोचती. म्हणजे तार जितकी ओढते, तितकेच नळीने उलट रेटले पाहिजे. दोघींचे काम सारखेच महत्त्वाचे आहे.

आता गिअरकडे वळू. पूर्वी गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या नळीवर असत. एक हात हँडलवरून काढून, खाली वाकून, अंदाजाने दांडा सरकवायचा. चेन नेमकी चकतीवर बसली की नाही हे कानाने ओळखायचे. १९८४ साली शिमानो या जपानी कंपनीने दांड्यालाच ठरावीक टप्पे दिले. एक ‘टक’ म्हणजे एक चकती. कानाचे काम संपले. १९९० साली त्याच कंपनीने ते टप्पे ब्रेकच्या लिव्हरात आणले, आणि हात हँडलवरून काढण्याची गरजच उरली नाही. १९९२ साली इटलीच्या कांपान्योलोने आपल्या पद्धतीचा लिव्हर काढला, अमेरिकेच्या स्रॅमचा २००६ च्या सुमारास आला. बाहेरून तिघांची चाल वेगळी आहे. शिमानोत ब्रेकचा दांडाच आडवा ढकलला की तार ओढली जाते आणि त्यामागचा छोटा दांडा ती सोडतो. कांपान्योलोत सोडण्याचे बटण अंगठ्याखाली असते. स्रॅममध्ये एकच पाते असून थोडे दाबले तर सुटते, जास्त दाबले तर ओढले जाते. पोटातली गोष्ट मात्र तिघांची एकच: एक लहान फिरकी, तिला दाते, आणि त्या दातांत अडकणारी खिटी. तारेच्या टोकाला शिशाच्या छऱ्याएवढे एक नळकांडे असते, त्याला आपण मुंडी म्हणू. ही मुंडी फिरकीच्या एका खोबणीत बसते. आपण दांडा ढकलतो तेव्हा फिरकी एक दाता फिरते आणि तार तिच्यावर गुंडाळली जाते. दुसरा दांडा खिटी उचलतो, आणि मागच्या डिरेल्युअरची स्प्रिंग तार परत ओढून घेते. हे वाक्य लक्षात ठेवावे: चढवणे हाताचे काम, उतरवणे स्प्रिंगचे. पुढे निदान करताना ते उपयोगी पडणार आहे.

येथे थोडे गणित क्षम्य मानावे. शिमानोच्या दहा चकत्यांच्या संचात शेजारच्या दोन चकत्यांतले अंतर सुमारे ३.९५ मिलिमीटर असते. लिव्हराच्या एका टप्प्यात तार ओढली जाते सुमारे २.३ मिलिमीटर, आणि डिरेल्युअर तिची १.७ पट हालचाल करतो. गुणाकार करून पाहावा, उत्तर जवळजवळ चार येते. म्हणजे तारेत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर चकतीपाशी ती पाऊण मिलिमीटरहून अधिक होते, आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये किरकिरू लागते. अकरा चकत्यांत हे अंतर ३.७ च्या आसपास येते, बारांत त्याहूनही कमी. जुन्या सायकलीत ब्रेकची तार बोटभर सैल असली तरी चालून जाई. येथे नखाच्या जाडीइतकी ढील चालत नाही.

म्हणूनच गिअरचे आउटर आणि ब्रेकचे आउटर वेगळे असतात, आणि ही बाब आम्ही विशेष आग्रहाने सांगत आहो. ब्रेकचे आउटर म्हणजे चपट्या तारेचे वेटोळे. ते वाकवले की वेटोळ्याची बाहेरची बाजू उघडते आणि नळीची लांबी किंचित बदलते. ब्रेकला त्याचे काही वाटत नाही, गिअरला वाटते. गिअरच्या आउटरमध्ये वेटोळे नसते. अनेक बारीक ताठ तारा लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी, जुडीतल्या काड्यांप्रमाणे, लावलेल्या असतात आणि त्यांवर प्लॅस्टिकचे आवरण असते. नेफ्याला चुण्या पडू नयेत म्हणून केलेली ही योजना. परंतु ती जुडी ब्रेकला लावली तर, जोराचा ब्रेक मारताच, प्लॅस्टिक फाटून काड्या बाहेर फाकू शकतात, आणि ब्रेक त्या क्षणी नाहीसा होतो. गिअरचे आउटर साधारणपणे ४ मिलिमीटर जाडीचे, ब्रेकचे ५ मिलिमीटरचे. दुकानात एकच हाताशी आहे म्हणून “हेच लावू, चालतंय” असे कोणी म्हणाले तर सायकल उचलून घरी आणावी.

तार तुटते का? लोखंडी तारेचा तुकडा तोडायला पक्कड नसेल तर मुले काय करतात? तो इकडेतिकडे वाकवीत बसतात, आणि थोड्या वेळाने तो हातात येतो. गिअरची तार बहुधा १९ बारीक तारांच्या पिळाची, १.२ मिलिमीटर जाडीची असते. लिव्हराच्या पोटात ती अगदी लहान वळणावरून जाते आणि प्रत्येक ‘टक’सरशी त्याच जागी वाकते, सरळ होते. २००८–०९ च्या सुमारास शिमानोने तार हँडलवरच्या पट्टीखालून न्यायला सुरुवात केली. त्याआधी ती लिव्हराच्या बाजूने, वाळत घालायच्या दोरीसारखी, मोकळी लोंबे. नवी रचना दिसायला देखणी खरी. पण तारेला पोटातच एक आणखी तीव्र वळण घ्यावे लागते आणि ती तेथे लवकर झिजते. एकेक बारीक तार तुटत जाते. बाहेरून काही दिसत नाही. फक्त गिअर आळसावतात, आज जुळवले तर चार दिवसांनी पुन्हा बिघडतात. बहुतेक लोक या वेळी डिरेल्युअरचा स्क्रू पिळीत बसतात. आमचे म्हणणे असे की उजव्या लिव्हराचे गिअर दोनदा जुळवूनही टिकत नसतील, तर तिसऱ्यांदा पिळण्याआधी तार मुंडीपाशी तपासावी.

न तपासल्यास एके दिवशी ती तुटते. बाहेरची लांब तार सुटून येते, मुंडी मात्र बोटभर विस्कटलेल्या केसांसह आतच राहते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांवर हा प्रसंग आला. शहरातल्या एका दुकानात त्यांना “लिव्हर गेला, जोडी बदलावी लागेल” असे सांगण्यात आले आणि तसे बिलही झाले. गेलेला लिव्हर त्यांनी आठवण म्हणून ठेवला होता. तो पुढे आमच्याकडे आला. चिमट्याने अर्ध्या तासात मुंडी निघाली आणि लिव्हर पूर्ववत ‘टक टक’ करू लागला. दुकानदार लबाडच होता असे आम्ही म्हणत नाही. बहुधा त्यालाही ती पेटी कुलूपबंदच होती. पण काहीशे रुपयांच्या तारेसाठी हजारो रुपयांचा लिव्हर टाकला गेला, ही वस्तुस्थिती आहे. टेबलावर ठेवलेला लिव्हर तोच.

आता प्रत्यक्ष रीत. सायकल उभी करून, पायडल हाताने फिरवीत, सोडण्याचा दांडा पुनःपुन्हा दाबावा, दहा-बारा वेळा तरी. चेन मागे सर्वांत लहान चकतीवर आली पाहिजे. डावी तार काढायची असेल तर पुढे लहान चक्रावर. हे का? फिरकी पूर्ण उलटी फिरली तरच मुंडीची खोबणी लिव्हरावरच्या छिद्रासमोर येते. मधल्या कोणत्याही गिअरात मुंडी बाहेर निघतच नाही, आणि जोर केला तर वेडीवाकडी अडकते. नवशिक्यांच्या निम्म्या अडचणींचे मूळ येथे असते.

मग डिरेल्युअरवरचा तार पकडणारा बोल्ट षट्कोनी किल्लीने सैल करावा. तारेच्या टोकावरची टोपी आणि चेमटलेला भाग कापून टाकावा, नाहीतर ते विस्कटलेले टोक आउटरमधून मागे जाताना आतले अस्तर ओरबाडते. फ्रेमच्या आतून तार जात असेल तर जुनी तार काढण्यापूर्वी तिच्यावरून एक बारीक प्लॅस्टिकची नळी सरकवून ठेवावी. नव्या तारेला तीच वाट दाखवते. हे न करता तार ओढून काढणाऱ्यास पुढे फ्रेमच्या पोटात तार चाचपीत पुष्कळ वेळ काढावा लागतो.

छिद्र कोठे असते? बाजूने तार निघणाऱ्या जुन्या शिमानो लिव्हरात ब्रेकचा दांडा हँडलकडे दाबून धरला की बाहेरच्या अंगास ते उघडे पडते. नव्या बनावटीत वरची रबरी गवसणी उलटवावी लागते. काहींत तारेला वळण देणारा प्लॅस्टिकचा लहान तुकडाही असतो, तो कसा बसला होता हे आधी नीट पाहून ठेवावे. तार मागून हलकेच पुढे ढकलली की मुंडी त्या छिद्रातून डोके काढते. ओढून घ्यावी आणि लगेच तिची तपासणी करावी. मुंडीजवळचे सर्व केस शाबूत आहेत काय? एखादा तुटून आत राहिला असेल तर विजेरी घेऊन तो शोधलाच पाहिजे. असा एक केस खिटीच्या दातांत गेला म्हणजे लिव्हर खरोखरच निकामी होऊ शकतो.

तार तुटून मुंडी आत राहिली असेल तर पहिला नियम: दांडे उगाच दाबीत बसू नये. दर दाबासरशी विस्कटलेले केस फिरकीत अधिक गुंडाळले जातात. फक्त सोडण्याचा दांडा दाबून फिरकी उलटी न्यावी, छिद्रातून उजेड टाकावा, आणि मुंडी दिसताच टाचणीने किंवा बारीक सळईने विरुद्ध बाजूने रेटून चिमट्याने धरावी. घाई नको. वाती वळणाऱ्या हातांना हे काम पैलवानी हातांपेक्षा चांगले जमते.

आउटर बदलणे बरे. आपल्याकडे पावसाळ्याचा चिखल मागच्या डिरेल्युअरपाशी असलेल्या शेवटच्या वळणात हमखास शिरतो, निदान तेवढा तुकडा तरी दर वर्षी पावसानंतर नवा घालावा. कापताना धारदार कटर हवा. साध्या पकडीने नळी चेपते आणि काड्या वाकतात. कापलेले टोक कानशीने सपाट करावे, अस्तराचे तोंड दाभणाने गोल मोकळे करावे, मग वर टोपण बसवावे. टोक तिरके राहिले तर ते टोपणात दाबाखाली हळूहळू बसत जाते आणि गिअर सैल पडतात. लांबी ठरवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. कोठेही ताण येऊ नये आणि फुगा धरल्यासारखा मोठा बाकही राहू नये.

नवी तार घेताना मुंडी पारखून घ्यावी. कांपान्योलोची मुंडी शिमानोपेक्षा किंचित लहान असते. शिमानोची तार त्यांच्या फिरकीत ठोकून बसवली तर बसते, पण निघताना रडवते. स्वस्त तारांना कधीकधी दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मुंड्या असतात. नको ती धारदार कटरने कापावी आणि कापलेल्या टोकाला झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब लावून ते वाळू द्यावे, म्हणजे पीळ उलगडत नाही. एरवी नव्या तारेचे टोक कारखान्यातच जोडलेले असते. ते ओवून होईपर्यंत कापू नये.

आता ओवणे. बिनमुंडीचे टोक छिद्रातून आत घालावे आणि सुईत दोरा ओवावा तितक्या सबुरीने पुढे सारावे. अडले तर मागे घ्यावे, तार बोटांत किंचित फिरवावी, पुन्हा सारावे. रेटल्यास तारेला मुरड पडते, आणि एकदा मुरड पडलेली तार पुन्हा सरळ होत नाही, ती टाकून द्यावी लागते. टोक पलीकडे निघाले की तार हळूहळू ओढीत जावे, आणि शेवटी मुंडी खोबणीत ‘बसल्याचे’ हाताला कळते. येथेच थांबून एक परीक्षा घ्यावी. एका हाताने तार ताणून धरावी आणि दुसऱ्याने दांडा ढकलीत एकेक टप्पा मोजावा. दहा चकत्यांच्या लिव्हराचे नऊ टप्पे यावेत, प्रत्येकात तार सारखीच आत खेचली जावी. टप्पे कमी आले किंवा एखादा अडखळला तर मुंडी तिरकी बसली आहे. हे आत्ताच कळणे चांगले. हँडलवर पट्टी गुंडाळल्यावर कळले तर सगळे पुन्हा उसवावे लागते. परीक्षा झाल्यावर फिरकी पुन्हा पूर्ण सोडून ठेवावी.

पुढचे काम सोपे आहे. तार आउटरांतून ओवून डिरेल्युअरपर्यंत न्यावी, तेथला जुळवणीचा गोल स्क्रू उजवीकडे पूर्ण फिरवून एखादा फेरा मागे घ्यावा, तार बोल्टाखालच्या तिच्या खाचेतच बसवावी, ताणून धरून बोल्ट आवळावा. शिमानोच्या बोल्टाला साधारणपणे ६ ते ७ न्यूटन-मीटर पुरतात.

“नवी तार ताणते, म्हणून आठवड्याने गिअर पुन्हा जुळवावे लागतात,” असे सर्वत्र ऐकू येते. पोलादी तार हाताच्या बळाने अशी काही ताणत नाही. बसतात ती आउटरची टोके टोपणांत, टोपणे आपापल्या कोंदणात, आणि मुंडी आपल्या खोबणीत. दोष तारेचा नाही, नेफ्याचा आहे. हे ओळखले की उपायही हाती येतो. फ्रेमच्या बाजूला उघडी असलेली तार हाताने चारदोनदा जोराने बाहेर खेचावी, सगळे आपापल्या जागी बसते. मग बोल्ट सोडून ढील काढावी आणि पुन्हा आवळावा. आठवड्याचे काम पाच मिनिटांत होते.

जुळवणी करताना मघाचे वाक्य आठवावे. चेन मोठ्या चकतीवर चढायला कां-कूं करीत असेल तर तार सैल आहे. गोल स्क्रू डावीकडे, पाव फेऱ्याच्या हिशेबाने, फिरवावा. चढताना ठीक पण लहान चकतीवर उतरायला उशीर लावीत असेल तर तार जास्त ताणलेली आहे, स्क्रू उजवीकडे. दोन्ही बाजूंना आळस दिसला तर ताण बरोबर असून तार आउटरात घासत आहे, कारण स्प्रिंगला ती परत ओढता येत नाही. तेथे स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग नाही, आउटर पाहावे. मर्यादा ठरवणाऱ्या दोन छोट्या स्क्रूंना तार बदलताना हात लावण्याचे सहसा कारण नसते. ते पूर्वी बरोबर असतील तर आजही बरोबर आहेत. शेवटी दोन बोटांएवढे टोक ठेवून उरलेली तार कापावी आणि टोपी दाबावी.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले. तारेला तेल घालावे काय? आजच्या आउटरांत गुळगुळीत अस्तर असते आणि काही तारांवर कारखान्यातच लेप दिलेला असतो; त्यांवर घरचे तेल घातल्यास धूळ धरून ठेवण्यापलीकडे लाभ होत नाही. मात्र वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या लिव्हराचा दांडा ढकलूनही ‘टक’ येत नसेल, तर आतले जुने ग्रीस गोठून खिटी चिकटली असण्याचा संभव मोठा. तेथे पातळ तेलाचा फवारा मारून दांडा शंभरदा हलवावा. पुष्कळ ‘गेलेले’ लिव्हर असे परत आले आहेत. दुसरा प्रश्न एका तरुणाचा होता: आता विजेवर चालणारे गिअर आले, मग तारेचा प्रपंच कशाला? आले हे खरे. २००९ सालापासून शिमानो ते विकते, आणि २०२१ च्या तिच्या सर्वांत वरच्या संचाला गिअरची तारच नाही. पण त्याच कंपनीने २०२३ साली आपल्या मधल्या दर्जाच्या संचात बारा चकत्यांचा तारेचा लिव्हर नव्याने काढला, आणि आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक सायकलींना तारच आहे.

राहता राहिला घाटाचा प्रश्न, जो कोणी विचारला नाही पण विचारायला हवा होता. मागची तार तुटली की स्प्रिंग चेनला सर्वांत लहान चकतीवर, म्हणजे सर्वांत जड गिअरात, नेऊन सोडते. हे खंबाटकीच्या चढावर घडले तर पायडल फिरत नाही. अशा वेळी डिरेल्युअरवरचा ‘एच’ खुणेचा छोटा स्क्रू, पायडल हाताने फिरवीत, उजवीकडे आवळत जावा. चेन एक चकती, क्वचित दोन, आत सरकून तेथेच टिकते. तुटलेल्या तारेचे टोक गुंडाळून फ्रेमला बांधावे, चाकात जाऊ देऊ नये. डावा लिव्हर शाबूत असतो. त्याने पुढचे लहान चक्र घ्यावे. हा गिअरही चढाला जडच, तेव्हा वरचा टप्पा चालत काढावा लागेल. पण एकदा घाट उतरला की सुरूर फाट्यावरून वाईपर्यंत एवढ्यावर सुखाने जाता येते.